केसांचा लाल क्लचर

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नख नाही. नख ज्यावर उगवतं ते टोकच नाही म्हटल्यावर नख कुठून येणार. बोट एका पेराने आखूड आहे, एवढंच. बाकी हात ठणठणीत. भाजी निवडतो, गॅसचं सिलेंडर हलवतो, वेळ पडली तर नवऱ्यावर बोटही रोखतो. आता फक्त थोडं जवळ जाऊन रोखावं लागतं.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये या बोटाच्या चार गोष्टी फिरतात आणि चारही मीच सोडलेल्या आहेत. खालच्या इस्त्रीवाल्याला मी सांगितलं, दरवाजे में आया. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीला मिक्सर सांगितला, तेव्हापासून ती मिक्सर लावताना देवाचं नाव घेते. भाजीवाल्याला विळी सांगितली. आणि रत्नागिरीहून आलेल्या नणंदेने फारच खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, तुमच्या भावाने चावलं. तिने भावाकडे असं काही बघितलं की बिचारा दोन दिवस माझ्या समोर जेवायला बसेना.

खरी गोष्ट मी मोठ्याने एकदाच सांगितली आहे. ती सांगायला मला एकवीस दिवस लागले आणि त्या एकवीस दिवसांची मला आजही लाज वाटते.

मी मीरा रोडच्या हाटकेशला एका गाळ्यात काम करते. तिथे रस्त्याच्या एका बाजूला राहत्या बिल्डिंगी, दुसऱ्या बाजूला गाळ्यांची रांग, आणि सकाळी नऊच्या सुमाराला सगळे वास रस्त्यावर एकत्र येऊन उभे राहतात. एका गाळ्यात खारी भाजतात, एकात वेफर तळतात, एकात मसाला दळतात. आमच्यात भाजणीची चकली. आम्ही सात बायका, तळणावर दोघे भाऊ आणि एक शेठ.

गाळ्यांच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे ग्लास धरलेले हात पाहून कोण कुठल्या गाळ्यातलं हे मी ओळखायला शिकले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या आडव्या रेघा म्हणजे खारीवाला, भट्टीतून ट्रे ओढणारा. अंगठ्याची आतली कातडी तासल्यासारखी गेलेली म्हणजे वेफरवाला. बटाटा संपत आला की कापायचं मशीन बटाटा आणि अंगठा असा भेदभाव करत नाही. बोटांच्या टोकांवर चपटे, चकचकीत डाग म्हणजे पॅकिंगवाली, पाकिटांची तोंडं चिकटवणाऱ्या गरम पट्टीचा प्रसाद. मसालेवाल्याचा हात बघायची गरजच नाही, तो शिंकतच येतो. या खुणा दाखवताना कोणी रडत नाही. उलट चढाओढ असते. एकाने डाग दाखवला की दुसरा "ये तो कुछ नहीं" म्हणून बाही वर सारतो.

त्या सगळ्यांत माझे हात कोरे होते. एकोणीस वर्षं या कामात आणि ओरखडा नाही. चहाचा ग्लास मी मुद्दाम दोन्ही हातांनी धरायचे.

आमच्या पीठ मळायच्या मशीनला आम्ही जाडी म्हणतो. मोठं स्टीलचं भांडं, त्यात फिरणारा एक वाकडा दांडा. एका वेळी चाळीस किलो भाजणी मावते. मोहन घातलं, उकळतं पाणी ओतलं, की जाडी धापा टाकत मळायला लागते. पण पीठ झालं की नाही हे जाडीला कळत नाही. ते मला कळतं. दांडा पलीकडे गेला की अलीकडून दोन बोटं आत घालायची, चिमूटभर पीठ उचलायचं, अंगठ्याने चोळायचं. चुरलं तर पाणी, चिकटलं तर भाजणी, बोटावर मऊ बसून कडेला जराशी चीर दिली तर झालं. यात चूक झाली की चकली तेलात विरघळते नाहीतर दाताला दगड लागतो. एकोणीस वर्षांत माझी चिमूट चुकली नव्हती.

शेठ गिऱ्हाइकांना गाळा दाखवायला आणायचे तेव्हा मला मुद्दाम चिमूट घ्यायला लावायचे. "इस बेन के हाथ में तराजू है," असं म्हणायचे. मी मान खाली घालून हसायचे आणि घरी येऊन ते वाक्य नवऱ्याला ऐकवायचे. त्याचं एकच म्हणणं, तराजूला भाजीत मीठ किती ते का कळत नाही.

जाडी चालू असताना हात घालायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि घालू नये हे मी कोणाला शिकवू देत नव्हते. मशीन थांबवून घेतलेली चिमूट खोटं सांगते असं माझं ठाम मत होतं. थांबलेलं पीठ बसतं, घट्ट वाटतं, मग आपण उगाच पाणी घालतो. हे मत मी इतक्यांदा ऐकवलं होतं की तळणावरचे दोघे भाऊसुद्धा ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी उत्तनची एक बाई कामाला लागली. तिला आम्ही सगळ्याजणी उत्तनचीच म्हणायचो. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, हाडापेराने दणकट, आवाज असा की जाडी चालू असतानाही तिला काही दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. नवऱ्याची मासेमारीची बोट विकली गेली होती आणि घर तिच्या या कामावर चालायचं. लहानपणापासून मासळी साफ केलेली, त्यामुळे पात्याची भीती नव्हती, पण जाडीची होती.

"पातं दिसतं गो," ती म्हणाली. "ही बया कुठना येल काय समजत न्हाय."

मी चिमूट घ्यायला गेले की ती हातातलं काम टाकून भिंतीवरच्या लाल बटणापाशी जाऊन उभी राहायची. तळहात बटणासमोर धरून. मी तिची यथेच्छ टिंगल केली. तुझ्या समुद्रात लाटा एवढ्या मोठ्या आणि तू पिठाला घाबरतेस का, असं विचारलं. ती हसायची नाही. "तू हात घाल, मी हितं रवते," एवढंच म्हणायची. मग मी तिची टिंगल करणं सोडलं, पण तिने बटणापाशी उभं राहणं सोडलं नाही.

आमची मैत्रीही झाली. एकदा संध्याकाळी भाईंदर स्टेशनबाहेरच्या गाडीवर आम्ही दोघींनी केसांचे क्लचर घेतले. एकाच पाकिटात दोन होते, लाल भडक, दात मोठे. एक तिने लावला, एक मी. कामावर टोपीखाली केस बांधायला ते बरे पडायचे. जोडीने फिरणाऱ्या शाळकरी मुली दिसतो आपण, असं मी म्हटलं. ती म्हणाली, शाळेत गेली असती तर शेठनी झाली असती.

पावसाळ्याच्या आधी पलीकडच्या एका गाळ्यात एकाची दोन बोटं गेली. शेठ घाबरले. त्यांनी मेकॅनिक बोलावून जाडीला जाळीचं झाकण बसवून घेतलं. झाकणाच्या कडेला एक कळ होती. झाकण बंद असलं की कळ दाबलेली राहते आणि मशीन चालतं. झाकण उचललं की कळ सुटते आणि जाडी जागच्या जागी उभी. मेकॅनिकने तीनदा उघडझाप करून दाखवली आणि बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मला तो माझा अपमान वाटला. खरंच वाटला. एकोणीस वर्षं कोरे हात घेऊन मी उभी, आणि माझ्यावर जाळी. शिवाय एका घाण्याला तीन-चार चिमटी लागतात. दर वेळी झाकण उघडा, जाडी थांबवा, बंद करा, पुन्हा चालू करा. पहिल्या दिवशी रोजच्यापेक्षा दोन घाणे कमी निघाले. शेठनी नुसतं घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं.

तिसऱ्या दिवशी मी टोपी काढली, केसांतला लाल क्लचर काढला आणि त्या कळीला लावला. क्लचरने कळ अशी घट्ट धरली की झाकण उघडं असूनही जाडी धापा टाकायला लागली. केसांना मी रबर लावलं. बायका हसल्या, मीही हसले. उत्तनची हसली नाही. ती आपली बटणापाशी गेली.

मग तो नेमच झाला. सकाळी आल्यावर क्लचर कळीला, संध्याकाळी निघताना परत केसांना. शेठ रोज मशीनसमोरून जायचे. जमिनीवर पडलेला चकलीचा एक तुकडा ज्यांना दारातून दिसतो, त्यांना स्टीलवरचा लाल भडक क्लचर चार महिन्यांत एकदाही दिसला नाही. एकदा तर मला म्हणाले, "बेन, आजकल माल बराबर निकल रहा है." मी म्हटलं, हो, झाकणाची सवय झाली.

दसऱ्याला एकवीस दिवस होते आणि दिवाळीचा माल सुरू झाला होता. सकाळचा तिसरा घाणा. दांडा पलीकडे गेला आणि मी बोटं आत घातली. तेवढ्यात पॅकिंगची एक बाई गरम पट्टीजवळ हात ठेवून गप्पा मारताना दिसली. मी मान वळवून तिच्यावर ओरडले, "अगं, लक्ष कुठे आहे तुझं, हात भाजेल ना."

माझं हे वाक्य आता गाळ्यात फार प्रसिद्ध आहे.

मला आधी दुखलं नाही. आधी नुसतं ओढलं. कोणीतरी बोट धरून लहान मुलासारखं चल म्हणत नेतंय असं वाटलं. आणि मग जाडी थांबली. बोट दांड्याच्या आणि भांड्याच्या मध्ये होतं, मागचं सगळं, म्हणजे पंजा, मनगट, तराजू, सगळं अजून बाहेर होतं. मी वर बघितलं. उत्तनचीचा तळहात लाल बटणावर होता आणि तिचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर फक्त तिलाच काय करायचं ते सुचलं. बाकीच्या सगळ्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. तिने दांडा मागे ढकलून माझा हात सोडवला, धुतला, आपली टोपी फाडून घट्ट बांधला आणि तो डोक्याच्या वर धरायला लावला. मग पिठातून माझ्या बोटाचं टोक शोधून काढलं. मासळी बर्फात ठेवतात हे तिला पाठ. पण ओलं होऊ द्यायचं नाही, म्हणून तिने ते टोक चकलीच्या पाकिटात घातलं, पाकिटाचं तोंड गरम पट्टीवर चिकटवलं आणि ते पाकीट टपरीवरून आणलेल्या बर्फाच्या पिशवीत ठेवलं. रिक्षात बसताना मी म्हणाले, मोहन कमी आहे, सांग त्यांना. ती म्हणाली, "गप बस."

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. त्यावर आमचं छापील लेबल होतं. खमंग, कुरकुरीत, निव्वळ वजन दोनशे ग्रॅम. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "हे तुम्ही आमच्यासाठी आणलंय का?" मला त्या अवस्थेत हसू आलं. टोक पार चेंगरलं होतं, ते काही लागलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ मशीन चालू राहिलं असतं तर हात मनगटापर्यंत गेला असता. बटण कोणी दाबलं, असं विचारलं. मी दाराकडे बोट दाखवायला गेले आणि त्या बोटाला टोक नाही हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. तेव्हा मात्र मी रडले.

तिसऱ्या दिवशी शेठ घरी आले. फळं आणली होती, शेठाणीने केलेला शिरा आणला होता. सोफ्याच्या कडेवर बसून माझ्या पट्टीकडे न बघता बोलत होते. हॉस्पिटलचं सगळं माझ्याकडे, पूर्ण बरी होऊन या, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेन, उसको मैंने निकाल दिया."

"किसको?"

"उत्तनवाली को. मशीन की चाबी पे उसने क्लिप लगाके रखा था, लाल वाला. सबको पता है उसके पास वैसा ही है. उस दिन बालों में भी नहीं था. पूछा तो मना करती है. उसी की वजह से तुम्हारे जैसी संभालके काम करनेवाली का हाथ गया."

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्यात कठीण काही नव्हतं. क्लचर माझा आहे, एवढंच. आठवीतल्या मुलीला येईल असं वाक्य. पण शेठ पुढे म्हणाले की आता गाळ्यात सेफ्टी बघायला एक माणूस नेमायचं ठरवलंय आणि ते तुम्हीच, कारण एकोणीस वर्षांत तुमच्याकडून चूक झाली नाही.

मी म्हणाले, "हं."

शेठ गेले. नवऱ्याने शिरा वाटीत काढला. मी पूर्ण खाल्ला, आणि चांगला झालाय असंही म्हणाले.

गाळ्यातल्या इतर बायकांना क्लचर कोणाचा ते ठाऊक होतं. पण माझ्या तोंडाला लागायची कोणाची तयारी नव्हती, आणि मी स्वतःच काही बोलत नाही म्हटल्यावर त्या कशाला बोलतील. मला भेटायला आल्या, केळी ठेवून गेल्या. मी रोज ठरवायचे, उद्या शेठना फोन करते. मग वाटायचं, पट्टी सुटू दे. पट्टी बदलली, मग वाटलं, टाके निघू देत. घरात नुसती बसून मी बिल्डिंगभर बोटाच्या गोष्टी सोडत होते, त्या याच दिवसांतल्या. चार खोट्या रचताना मला एकदाही अडखळायला झालं नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी उत्तनची आली. उत्तनहून बसने भाईंदरला, स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. दारातच नवऱ्याला म्हणाली, "दादा, पिशवी बाल्कनीत ठेव, न्हायतर शेजारीन बोंबलेल." तिच्या केसांत लाल क्लचर होता.

मी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

तिने माझा हात बघितला, उलटा केला, मासा ताजा आहे का ते बघावं तसा तपासला आणि बरा हाय म्हणून सोडून दिला. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "ह्ये काय करून घेतलंस?" डाव्या हाताने मला वेणी येत नव्हती आणि नवऱ्याने घातलेली वेणी ही वेणी नव्हे. केसांचा पार गुंता झाला होता. तिने खोबरेल मागितलं, मला खाली बसवलं आणि मागे बसून गुंता सोडवायला लागली. उत्तनच्या गप्पा चालू होत्या, कोणाचं लग्न ठरलं, चर्चच्या सणाला कोण आलं नाही. मी हूं हूं करत होते.

शेवटी मला राहवलं नाही. पाठ तिच्याकडे होती म्हणून बोलता आलं. "तू शेठना सांगितलं का नाहीस, माझा आहे म्हणून?"

तिचा फणीचा हात थांबला नाही.

"तू हास्पिटलात व्हतीस," ती म्हणाली. "तुजं बोट गेल्यालं, तवा तुजं नाव कसं सांगू? मी बोलली, ह्यो माजा न्हाय, माजा घरी ऱ्हायलाय. कोनाचा ते न्हाय बोलली." मग म्हणाली, "मना वाटला, तू सांगशील."

तिने केस वर गुंडाळले, एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यातला क्लचर काढून माझ्या केसांना लावला.

"अगं, तुला?"

"ऱ्हाऊ दे. मना आता कुठं टोपी घालायची हाय."

ती गेल्यावर नवरा म्हणाला, छान बांधलेत केस. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ बसले.

दसऱ्याला गाळ्यात मशीनची पूजा असते. त्या दिवशी जाडी बंद, तळण बंद, सगळं धुऊन पुसून लख्ख. मशीनला हळदकुंकू, झेंडूचे हार, आपट्याची पानं, आणि शेठाणीकडून सगळ्यांना जेवण. मी हात फडक्यात बांधून गेले. सगळ्यांनी पुढे बसवलं. शेठ म्हणाले, नारळ यंदा बेनच्या हातून. मी म्हटलं, एका हाताने कसा फोडू, तर तळणावरचे भाऊ म्हणाले, नुसता हात लावा.

जाडीला घातलेला हार शेठनी उचलून भिंतीवरच्या लाल बटणाला अडकवला. दरवर्षी तिथेच अडकवतात. मशीन गुळगुळीत, हार घसरतो, आणि भिंतीतून पुढे आलेलं तेवढंच एक बटण आहे. हार दिवाळीपर्यंत तिथेच वाळतो, कारण देवाचा म्हणून कोणी काढत नाही. इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी तो हार तिथे लटकलेला बघितला आणि माझं डोकं फिरलं. बटण फुलांत पार बुडालं होतं.

मी उठले आणि हार काढला.

"बेन, पूजा का है," शेठ म्हणाले.

"इथे हार नको," मी म्हणाले. हिंदीत बोलायचं भानच राहिलं नाही. "इथे हात पोचायला हवा. माझा अख्खा हात या बटणामुळे राहिला. आणि ज्या बाईने ते दाबलं तिला तुम्ही घरी बसवलंत." तेवढ्यावर थांबता आलं असतं, आणि मला थांबावंसंही वाटलं. "तो क्लचर माझा होता. झाकण बसल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज मीच लावत होते. तिचा हा माझ्या डोक्यात आहे."

मी मान वळवून दाखवली. एकोणीस वर्षं ज्या गाळ्यात मान वर करून वावरले, तिथे मी मागचं डोकं दाखवत उभी होते.

शेठ टेबलाकडे गेले. खण उघडून त्यांनी एक पाकीट काढलं. माझा क्लचर त्यांनी चकलीच्या पाकिटात घालून तोंड चिकटवून ठेवला होता, पुरावा म्हणून. खमंग, कुरकुरीत, निव्वळ वजन दोनशे ग्रॅम. ते पाकीट हातात धरून ते खुर्चीवर बसले. ते उलटसुलट करून बघितलं.

"मैंने भी देखा था," ते म्हणाले. "रोज देखता था."

यावर मला त्यांच्यावर ओरडायचा चांगला हक्क मिळाला होता, पण ओरडावंसं वाटलं नाही. त्यांनी स्वतः फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती. माफ करना, गलती हो गई, आज ही आ जाओ, असं शेठ म्हणाले.

मग ती म्हणाली, "आज न्हाय. बोंबील वालत घातलेत. उद्या बघू."

शेठ सेफ्टीला माणूस नेमणार होते ना, ते काम आता उत्तनचीकडे आहे. मी तिच्या हाताखाली. सुरुवातीला हे जड गेलं, खोटं कशाला बोलू. जाडी पूर्ण थांबते, मग झाकण उघडतं, मग मी अंगठा आणि मधल्या बोटाने चिमूट घेते. थांबलेलं पीठ खोटं सांगतं हे माझं मत चुकीचं निघालं. मला ते नीट ऐकायची सवय नव्हती, एवढंच. दिवसाला दोन घाणे कमी निघतात आणि शेठ घड्याळ बघत नाहीत, निदान मी बघत असताना तरी. लाल बटणावर हार घालत नाहीत. जाडीच्या पायाशी ठेवतात.

ती परत आली त्या पहिल्या सकाळी मी टोपी घालत होते. ती समोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"क्लचर."

"अगं, आता नाही लावणार मी. शप्पथ."

"क्लचर दे."

मी केस सोडले आणि क्लचर तिच्या हातावर ठेवला. तिने तो आपल्या एप्रनच्या खिशात टाकला आणि मला रबर दिलं. तेव्हापासून रोज असंच चालू आहे. माझ्यावर विश्वास आहे का, असं मी तिला विचारत नाही. सुट्टी झाली की मी टोपी काढून तिच्यासमोर पाठ करून उभी राहते. ती माझे केस वर गुंडाळते, खिशातला क्लचर काढते आणि स्वतःच्या हाताने लावते.